कुठे वाढायचं आणि कधी थांबायचं, हे पेशीला कसं कळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच शरीरातल्या पेशींत डीएनए तोच असतो, तरी चेतापेशी लांबच लांब, आतड्याच्या अस्तरातली पेशी उभट आणि लाल रक्तपेशी म्हणजे मधोमध दबलेली चकती, असं का? पेशीला आपला आकार कुठून कळतो, कुठल्या बाजूने वाढायचं हे कोण ठरवतं आणि थांबायचं केव्हा? आकाराचं एखादं जनुक असतं का, असंही तुम्ही विचारलं आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या छोट्या प्रकल्पासाठी यातलं काही करून पाहता येईल का, हा शेवटचा प्रश्न.

जनुकापासून सुरुवात करते, कारण तिथला गैरसमज दूर झाला की पुढचं सोपं जातं. ज्यांच्यात बिघाड झाला की पेशीचा आकार बिघडतो अशी जनुकं शेकड्यांनी सापडली आहेत. पण पेशी किती लांब, किती रुंद, कुठे टोकदार याचा आराखडा ज्यात लिहून ठेवला आहे असं जनुक एकही नाही. जनुकांवरून प्रथिनं बनतात. ती प्रथिनं एकमेकांना ओढतात, ढकलतात, चालू-बंद करतात, आणि या सगळ्या ओढाताणीतून आकार उभा राहतो. तुम्ही लाल रक्तपेशीचं नाव घेतलंत ते बरं झालं. माणसाच्या पक्व लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं, म्हणजे वाचायला डीएनएच नाही. तरीही सुमारे १२० दिवस ती आपला आकार टिकवते. स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिनीतून ती दुमडून पार होते आणि पलीकडे निघाली की पुन्हा चकती. हे काम तिच्या पटलाखाली, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाखाली, पसरलेल्या स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीचं. ही जाळी पटलाशी नीट बांधलेली नसली तर पेशी गोल होत जाते, प्लीहेच्या बारीक फटींतून तिला निघता येत नाही आणि ती तिथेच नष्ट होते. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या आजारात नेमकं हेच घडतं.

मात्र लाल रक्तपेशी वाढत नाही, विभागतही नाही. वाढता वाढता आकार कसा राखला जातो हे समजून घ्यायचं असेल तर फिशन यीस्टसारखी दुसरी पेशी नाही. शिझोसॅकरोमायसिस पॉम्बे हे तिचं शास्त्रीय नाव. मी वर्षानुवर्षं तिच्यावरच काम करत आले आहे, त्यामुळे उत्तराचा मोठा भाग तिच्याभोवतीच फिरेल. पण त्याला पक्षपातापलीकडचं कारण आहे. ही पेशी म्हणजे दोन्ही टोकांना गोलाई असलेली एक सरळ कांडी. रुंदी साधारण ४ मायक्रोमीटर. जन्मते तेव्हा लांबी ७ ते ८ मायक्रोमीटर, आणि १४ मायक्रोमीटरच्या आसपास पोचली की मधोमध भिंत घालून दोन होते. या सगळ्या काळात रुंदी जवळजवळ बदलत नाही. वाढ होते ती फक्त टोकांना. त्यामुळे 'आकार' हा एरवी निसटणारा विषय इथे दोनच आकड्यांत मावतो, आणि एखादं उत्परिवर्तन झालेली पेशी वाकडी, गोल, जाड किंवा फांदी फुटलेली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्या नजरेत ओळखू येते.

आधी यंत्रणेची जड बाजू बघू. यीस्टच्या आत पाणी घुसून तयार होणारा दाब सुमारे १ ते १.५ मेगापास्कल असतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या हा निदान पाचपट झाला. हा दाब सगळ्या दिशांना सारखाच ढकलतो, त्याला पसंती-नापसंती नाही. बाहेरून त्याला आवरून धरते ती पेशीभित्तिका, म्हणजे ग्लुकनसारख्या शर्करांच्या साखळ्यांचं सुमारे ०.२ मायक्रोमीटर जाडीचं कवच. एन्झाइम घालून ही भित्तिका विरघळवली तर कांडीचा क्षणात गोळा होतो, आणि बाहेरच्या द्रावणात सॉर्बिटॉलसारखं काही घालून समतोल राखला नसेल तर पेशी फुटते. म्हणजे आकार प्रत्यक्ष धरून ठेवणारी वस्तू भित्तिका आहे. आणि वाढ म्हणजे या भित्तिकेचा एखादा भाग थोडा सैल करून तिथे नवा माल भरणं. ढकलण्याचं काम दाब करतोच. हे एकदा लक्षात आलं की 'आकार कसा ठरतो' हा प्रश्न 'नवा माल कुठे टाकायचा हे कसं ठरतं' एवढ्यावर येतो. पेशीच्या एका बाजूला दुसरीपेक्षा वेगळी वागणूक मिळणं, यालाच आपण ध्रुवता म्हणतो.

माल पोचवतात अ‍ॅक्टिनचे धागे. टोकाशी बसलेलं फॉर३ नावाचं फॉर्मिन प्रथिन हे धागे विणतं, त्यांवरून मायोसिन हे चालक प्रथिन पुटिका, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्या, ओढत आणतं, पुटिका पटलात मिसळतात आणि भित्तिका बनवणारी एन्झाइमं तिथे उतरतात. दुसरीकडे सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक पोकळ नळ्या, असतात. केंद्रकाजवळून निघालेल्या त्यांच्या तीन ते पाच जुड्या पेशीच्या लांबीला समांतर पसरलेल्या असतात. प्रत्येक नलिका टोकाच्या दिशेने वाढत जाते, तिथे पोचली की मिनिटभर रेंगाळते आणि मग झपाट्याने आखडते.

या दोघांची कामं वेगळी आहेत हे दोन औषधांनी लख्ख दिसतं, आणि विद्यार्थ्यांना मी हा प्रयोग सगळ्यात आधी दाखवते. लॅट्रुनक्युलिन घालून अ‍ॅक्टिन मोडलं की काही मिनिटांत वाढ थांबते. एमबीसी, म्हणजे कार्बेंडाझिम, घालून सूक्ष्मनलिका मोडल्या तर वाढ चालूच राहते. आधीपासून वाढत असलेलं टोक आपलं काम सोडत नाही. पण हाच प्रयोग उपाशी ठेवून वाढ थांबलेल्या पेशींवर करा. नवं माध्यम मिळाल्यावर त्यांना टोक नव्याने निवडायचं असतं, आणि सूक्ष्मनलिका नसतील तर निवड चुकते. कांडीच्या मधूनच फांदी फुटते आणि पेशी इंग्रजी टी अक्षरासारखी दिसू लागते. अ‍ॅक्टिन वाढ घडवतं आणि सूक्ष्मनलिका जागा दाखवतात.

ही जागा त्या कशी दाखवतात, याचा धागा १९९७ मध्ये हाती लागला. हुआन माता आणि पॉल नर्स यांनी टीया१ हे प्रथिन शोधलं. ते वाढत्या सूक्ष्मनलिकेच्या अग्रावर बसून प्रवास करतं आणि नलिका टोकाला टेकली की तिथे उतरतं. हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची खूण लावून पाहिलं तर बारीक ठिपके पेशीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सरकताना दिसतात, आणि दोन्ही टोकांना ठिपक्यांची गर्दी कायम असते. तिथे टीया१ हे टीया४ मार्फत फॉर३ ला पकडतं, म्हणजे जागा दाखवणारी यंत्रणा वाढ घडवणाऱ्या यंत्रणेला जोडली जाते. टीया१ नसेल तर पेशी मरत नाही, वाढायचीही थांबत नाही. वाकते किंवा फांद्या फोडते.

आता यातलं वर्तुळ बघा. सूक्ष्मनलिका लांबीच्या दिशेने का पसरतात? कारण पेशी कांडीसारखी आहे. चार मायक्रोमीटरच्या रुंदीत आडवं वाढायला जागाच नाही, आडवी गेलेली नलिका भिंतीवर घसरून शेवटी टोकाकडेच वळते. आणि पेशी कांडीसारखी का आहे? कारण नलिका टीया१ टोकाला नेऊन टाकतात. आकार नलिकांना वळण लावतो आणि नलिका आकार राखतात. हे नुसतं सुंदर स्पष्टीकरण नाही, ते तपासलेलं आहे. यीस्टच्या पेशींना त्यांच्याच रुंदीच्या, पण वाकड्या किंवा फार छोट्या खाचांमध्ये कोंडलं, की वाकलेल्या पेशीत सरळ वाढणाऱ्या नलिका टोकाऐवजी बगलेला जाऊन धडकतात. मग टीया१ बगलेला उतरतं आणि वाढीची यंत्रणाही तिथे उभी राहू लागते. कुठलंही जनुक बदललेलं नाही. फक्त आकार बदलला, आणि आत कोण कुठे बसणार हे बदललं. तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर इथेच आहे. पेशी आपला आकार कुठे नोंदवून ठेवत नाही. ती तो क्षणोक्षणी पुन्हा मोजते, आणि मोजमापाचं साधन तिचा स्वतःचा देहच असतो.

यावर हुशार विद्यार्थी लगेच विचारतात, की हे कांडीपुरतं ठीक. पण पेशी पूर्ण गोल असेल, कुठलीही बाजू दुसरीपेक्षा वेगळी नसेल, तर पहिलं टोक कुठून येतं? इथे सीडीसी४२ या छोट्या प्रथिनाकडे यावं लागतं. यीस्टपासून माणसापर्यंत ते जवळपास जसंच्या तसं टिकून आहे. त्याच्या दोन अवस्था असतात, चालू आणि बंद. एक गट त्याला चालू करतो, दुसरा बंद करतो. चालू अवस्थेतलं सीडीसी४२ एका मचाणासारख्या प्रथिनाला बोलावतं, आणि ते मचाण सोबत चालू करणाऱ्या प्रथिनालाच घेऊन येतं. म्हणजे जिथे थोडं चालू झालं तिथे आणखी चालू होतं. पटलावर योगायोगाने कुठेतरी चार रेणू जास्त जमले की ठिपका वाढत जातो. पण पेशीतला साठा मर्यादित असतो, म्हणून एक ठिपका मोठा झाला की बाकीच्यांचा माल तोच ओढून घेतो. बळी तो कान पिळी. शेवटी एकच ठिपका उरतो, आणि त्या बाजूला पेशी वाढते. जवळच्या जवळ स्वतःला वाढवणारी आणि दूरवर दाबणारी प्रक्रिया एकत्र आल्या की एकसारख्या पसाऱ्यातून आपोआप नक्षी उमटू शकते, हे अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये गणिताने दाखवलं होतं. तेव्हा यातल्या एकाही प्रथिनाचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

फिशन यीस्टचा बीजाणू हे प्रत्यक्ष दाखवतो. तो जवळजवळ गोल असतो. अंकुरण सुरू झालं की सीडीसी४२ चा ठिपका तयार होतो, पण एका जागी ठरत नाही. पटलावर इकडेतिकडे भटकतो. बाहेरचं कडक कवच एका ठिकाणी तडकलं की ठिपका तिथे स्थिरावतो आणि तिथून पहिलं टोक बाहेर येतं. वाढीला वाव मिळाला म्हणून ठिपका टिकला आणि ठिपका टिकला म्हणून वाढ झाली. मला स्वतःला या क्षेत्रातलं हे सर्वांत देखणं निरीक्षण वाटतं, कारण रसायन आणि यांत्रिक बल एकमेकांना कसं धरून असतात ते यात उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मुकुलायनाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये ठिपका योगायोगावर सोडलेला नसतो. मागच्या विभाजनाचा व्रण भित्तिकेवर शिल्लक असतो आणि तिथली खुणेची प्रथिनं पुढची कळी कुठे यायची ते सुचवतात. पण ही खूण काढून टाकली तरी कळी येतेच, फक्त कुठेही येते. यातला फरक नीट लक्षात ठेवा: खूण जागा सुचवते, ध्रुवता मात्र पेशी स्वतःच निर्माण करते. या यीस्टमधली स्पर्धा संशोधकांनी मुद्दाम मंदावून पाहिली, तेव्हा कधीकधी एकाच वेळी दोन कळ्या आल्या. एरवी एकच का येते, त्याचं उत्तर त्यातच आहे.

फिशन यीस्टला मात्र दोन टोकं चालवायची असतात. विभाजनानंतर ती आधी फक्त जुन्या टोकाने वाढते. नव्या टोकाने, म्हणजे नुकतीच भिंत पडून तयार झालेल्या टोकाने, वाढ सुरू होते ती लांबी सुमारे ९ मायक्रोमीटर झाल्यावर. कॅल्कोफ्लूअर या रंगद्रव्याने हे छान दिसतं: वाढणारं टोक उजळतं, न वाढणारं काळसर राहतं. लहान पेशीत एक टोक उजळ, मोठ्या पेशीत दोन्ही. या बदलाच्या मागे सीडीसी४२ चं मागे-पुढे होणं आहे. २०१२ मध्ये दाखवलं गेलं की सक्रिय सीडीसी४२ दोन टोकांमध्ये काही मिनिटांच्या अंतराने हेलकावे खातं; एका टोकाला वाढलं की दुसरीकडे कमी. म्हणजे स्वतःला वाढवणाऱ्या साखळीला उशिराने लागणारा लगामही आहे. पेशी लहान असताना साठा तुटपुंजा असतो आणि एकच टोक जिंकतं. पेशी मोठी झाली की दोघांना पुरतो.

रुंदीबद्दल थोडक्यात: सीडीसी४२ ला बंद करणारी प्रथिनं, त्यातलं एक आरजीए४, कांडीच्या बगलांवर पहारा देतात. ते काढून टाकलं की सक्रिय भाग बाजूंना पसरतो आणि पेशी जाड होते. सीडीसी४२ ला टोकाशी चालू करणारी साखळीच मोडली तर पेशी गोल होते. जाड, बारीक आणि गोल हे तीन वेगळे आजार नाहीत, एकाच ठिपक्याच्या रुंदीचे तीन परिणाम आहेत.

आता 'पुरे' कसं कळतं ते. १९७५ मध्ये पॉल नर्स यांनी एडिनबर्गमध्ये वी१ हे उत्परिवर्तन नोंदवलं. त्या पेशी नेहमीच्या साधारण निम्म्या आकारालाच विभागत होत्या. वाढ मंदावून पेशी लहान राहणं ही रोजची गोष्ट. इथे वाढ ठीक होती आणि घाई विभाजनाची होती. म्हणजे 'अजून लहान आहेस, थांब' असं सांगणारं काहीतरी मोडलं होतं. वी१ हा एक कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटची खूण लावून त्यांना चालू-बंद करणारं एन्झाइम, निघाला आणि तो विभाजनाची मुख्य कळ असलेल्या सीडीसी२ या कायनेजला दाबून ठेवतो. सीडीसी२ चं काम करणारं माणसाचं जनुक १९८७ मध्ये यीस्टमध्ये घातलं तेव्हा त्याने यीस्टला विभागायला लावलं. लेलँड हार्टवेल आणि टिम हंट यांच्यासह नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं ते या पेशीचक्राच्या कामासाठी.

पण वी१ ला आकार कसा कळतो? २००९ मध्ये दोन प्रयोगशाळांनी एक मोहक उत्तर दिलं. पॉम१ हे कायनेज टोकांना दाट असतं आणि मध्याकडे विरळ होत जातं. ते सीडीआर२ या प्रथिनाला दाबतं. सीडीआर२ पेशीच्या मध्यावर पट्टा करून बसतं आणि वी१ ला आवरतं. छोट्या पेशीत टोकं मध्याच्या जवळ, म्हणून पॉम१ चा वचक मध्यापर्यंत पोचतो. पेशी लांबली की मध्य मोकळा होतो आणि विभाजनाला परवानगी मिळते. लांबीची सरळ मोजपट्टी! पाठ्यपुस्तकांत हे चित्र अजूनही असंच सापडतं. पण पॉम१ काढून टाकलेल्या पेशीही आपल्या ठरलेल्या, थोड्या कमी, लांबीलाच विभागतात आणि लहान-मोठ्यातला फरक बऱ्यापैकी भरून काढतात, असं पुढे दिसून आलं. मग जाड आणि बारीक पेशी तयार करून मोजमापं झाली. स्थिर राहत होतं ते पेशीचं पृष्ठफळ. लांबी किंवा घनफळ नव्हे. पेशी मोठी होत जाते तसं मध्यावर सीडीआर२ अधिकाधिक जमतं, आणि तीच खरी मोजणी असावी याकडे पुरावा झुकतो. शिवाय विभाजन घडवणारं सीडीसी२५ पेशीच्या वाढीबरोबर वाढत जातं, तो दुसरा मार्ग. पॉम१ चं मोजपट्टीचं चित्र परीक्षेत लिहा, पण पॉम१ चं मुख्य काम टोकांना विभाजनाची भिंत पडू न देणं हे आहे, हे मनात ठेवा.

भिंत मध्यावरच पडते याचं दुसरं कारण केंद्रक. वाढणाऱ्या सूक्ष्मनलिका दोन्ही टोकांना रेटा देतात आणि केंद्रक मध्यावर तोलून धरतात. पेशी अपकेंद्री यंत्रात फिरवून केंद्रक एका बाजूला सरकवलं तर भिंतही त्याच्यामागे सरकते. केंद्रक पेशीच्या घनफळाच्या सुमारे ८ टक्के असतं आणि डीएनए कितीतरी पट वाढवला तरी हे प्रमाण फारसं हलत नाही.

यीस्टच्या बाहेर आलं की तपशील बदलतात, डाव तोच राहतो. प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नाही. तिथे पटलाखालचा अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचा ताणलेला थर, शेजारच्या पेशी आणि खालची जमीन मिळून आकार ठरवतात. सी. एलिगन्स या सूत्रकृमीची सुमारे ५० मायक्रोमीटर लांबीची फलित अंडपेशी हे त्यातलं आदर्श उदाहरण. केनेथ केम्फ्यूस यांनी १९८८ मध्ये 'पार' नावाची जनुकं नोंदवली. ती बिघडली की पहिलं विभाजन असमान न होता सारखं होतं. त्यांच्यापासून बनणारी पार-३ आणि पार-६ ही प्रथिनं पुढच्या अर्ध्यात असतात, पार-१ आणि पार-२ मागच्या अर्ध्यात. दोन्ही गट एकमेकांना पटलावरून हुसकावतात, म्हणून मध्ये सीमारेषा पडते. सुरुवात शुक्राणूने आणलेल्या तारककेंद्रापासून, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून निघतात त्या केंद्रापासून, होते. त्याच्या जवळचा ताणलेला थर सैल पडतो, सगळा थर पुढच्या दिशेने वाहू लागतो आणि पार-३ चा गट त्यासोबत वाहून जातो. इथेही आकाराला महत्त्व आहे: पेशी फार लहान झाली तर दोन प्रदेशांना पुरेशी जागा उरत नाही आणि असमान विभाजन जमत नाही.

आतड्यासारख्या अस्तरांच्या पेशीत पार-३ चा गट वरच्या, पोकळीकडच्या बाजूला असतो आणि पार-१ बाजूला नि खाली. खालची बाजू कुठली हे पेशी पायाखालच्या प्रथिनांच्या चटईवरून ठरवते. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशी जेलमध्ये वाढवल्या तर पोकळ गोळे बनतात आणि त्यांची वरची बाजू आत असते. त्याच पेशी नुसत्या द्रवात तरंगत ठेवल्या तर तीच बाजू बाहेर येते. चेतापेशीत स्पर्धेचा खेळ परत दिसतो. थाळीत वाढणाऱ्या कोवळ्या चेतापेशीला सुरुवातीला चार-पाच सारखेच धुमारे असतात. त्यातला एक अचानक पुढे जातो, अक्षतंतू होतो आणि बाकीचे मागे राहतात. तो लवकर छाटला तर दुसरा एखादा त्याची जागा घेतो.

आकार पेशीचं भवितव्यही ठरवतो. १९९७ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींना चिकटायला सूक्ष्म ठिपक्यांएवढीच जागा दिली गेली. एकूण चिकटलेली जागा तेवढीच ठेवूनही, पसरायला मिळालेल्या पेशी वाढल्या आणि आखडून बसाव्या लागलेल्या मेल्या.

जिवाणूंबद्दल दोनच गोष्टी सांगते. ई. कोलायमध्ये मिन-डी आणि मिन-सी ही विभाजन रोखणारी प्रथिनं सुमारे मिनिटभरात एका टोकाकडून दुसरीकडे जाऊन परत येतात. त्यांचा मुक्काम मध्यावर सर्वांत कमी असल्यामुळे विभाजनाचं कडं तिथेच बसतं. आणि या पेशी ठरावीक लांबी गाठायची वाट बघत नाहीत. प्रत्येक पिढीत साधारण ठरलेली भर घालतात आणि विभागतात. मोठी जन्मलेली पेशी त्यामुळे काही पिढ्यांत आपोआप सरासरीवर येते. म्हणजे आकार राखायला तो मोजावाच लागतो असंही नाही.

वाढीचा वेग हा वेगळा विषय, तो ध्रुवतेशी गल्लत करून वाचू नका. पोषण कसं आहे ते बघून प्रथिननिर्मितीचा वेग ठरवणारं टॉर हे कायनेज त्यात मध्यवर्ती आहे. रापा नुई बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेल्या रॅपामायसिनचं लक्ष्य शोधताना ते १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडलं.

हे सगळं रुग्णालयाशी कुठे जोडलेलं आहे, याचं एक उदाहरण पुरेसं आहे. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू पेशीत कॅगए नावाचं प्रथिन सोडतो. ते थेट पार-१ ला पकडून निकामी करतं. अस्तराच्या पेशींमधले घट्ट सांधे सुटतात आणि वर-खाली हा भेदच पुसला जातो. हे प्रथिन असलेल्या जिवाणूंमुळे जठराच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो.

आता तुमच्या प्रकल्पाबद्दल. फिशन यीस्टची साधी जंगली, म्हणजे उत्परिवर्तन नसलेली, जात आणि टीया१ नसलेली जात मिळवा. दोन्ही वाढ थांबेपर्यंत वाढू द्या, मग ताज्या माध्यमात पातळ करा आणि दर अर्ध्या तासाने नमुना घेऊन कॅल्कोफ्लूअरने रंगवा. सरळ, वाकड्या आणि फांदी फुटलेल्या पेशी वेगवेगळ्या मोजा. जंगली जातीचा एक भाग एमबीसीसह वाढवा; ते डीएमएसओमध्ये विरघळवलेलं असतं, म्हणून दुसऱ्या भागात तेवढंच नुसतं डीएमएसओ घाला, नाहीतर फरक औषधाचा की द्रावकाचा हे सांगता येणार नाही. एमबीसी हाताळताना हातमोजे घाला आणि माध्यम थंड पडू देऊ नका, कारण थंडीनेही सूक्ष्मनलिका मोडतात. मोजणाऱ्याला नमुना कुठला ते सांगू नका. आणि फक्त फांद्यांची टक्केवारी नोंदवून थांबू नका: फांदी केंद्रकाच्या जवळ फुटते की जुन्या टोकाजवळ, हे डीएनए रंगवून प्रत्येक पेशीत मोजा. टीया१ नसलेल्या आणि एमबीसी दिलेल्या पेशींत ही जागा सारखी येते का, हा तुमच्या प्रकल्पाचा खरा प्रश्न ठेवा.